अणुशेजार प्रवेशिका

तुम्हाला पाकिस्तानचं टेबल मिळालं. याबद्दल तुमचं अभिनंदन करावं की तुमच्या घरच्यांचं सांत्वन, हे तुमच्याआधी या खुर्चीत बसून गेलेल्या कोणालाच ठरवता आलेलं नाही. परराष्ट्र खात्यात या विभागाला ‘पीएआय’ म्हणतात, म्हणजे पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण. तिन्ही नावं एकाखाली एक लिहून पाहा. साडेसाती कोणाची चालू आहे हे ज्योतिषाला विचारायला नको.

ही पुस्तिका अगदीच नवशिक्यांसाठी आहे. इस्लामाबादेत तुमच्यासारखाच एक नवशिका आज रुजू झाला असेल आणि त्याच्या हाती हीच पुस्तिका उर्दूतून पडली असेल. तिच्यात फक्त ‘आपण’ आणि ‘ते’ या शब्दांची अदलाबदल केलेली असते. बाकी मजकूर तोच.

आधी साहित्य मोजून घ्या. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या अंदाजाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे सुमारे १८० अण्वस्त्रं होती आणि समोर सुमारे १७०. नेमका आकडा कोणाला विचारायच्या भानगडीत पडू नका. ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत आणि जे सांगतात ते टीव्हीवर असतात. अंतर लक्षात ठेवायचं तर मुंबई ते नागपूर हवाई मार्गाने जेवढं, जवळपास तेवढंच दिल्ली ते इस्लामाबाद. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांना एकमेकांचं क्षेपणास्त्र येऊन पोचेपर्यंत अर्धा तास तरी मिळायचा. तुम्हाला चहा उकळून गाळून होईपर्यंतचा वेळ आहे, तोही साखर आधी घातलेली असेल तर.

धडा पहिला : यादी देणे

तुमचं वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं काम १ जानेवारीला असतं, तेव्हा थर्टी फर्स्ट बेतानेच साजरा करा. त्या दिवशी दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी याद्यांची देवाणघेवाण होते. आपल्या अणुभट्ट्या, संशोधन केंद्रं, युरेनियम समृद्ध करण्याचे आणि इंधनावर प्रक्रिया करण्याचे कारखाने कुठे आहेत ते आपण अक्षांश-रेखांशासह त्यांना लिहून देतो. ते त्यांचं आपल्याला देतात.

घरफोडीची धास्ती असलेल्या माणसाने आपली तिजोरी कोणत्या भिंतीत आहे हे ज्याच्यावर संशय त्यालाच दरवर्षी लेखी कळवावं, तसा हा प्रकार तुम्हाला वाटेल. पण त्यामागे हिशेब आहे. १९८१ मध्ये इस्राएलने विमानं पाठवून इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली. तेव्हापासून आपल्या काहुट्याच्या अणुकेंद्रावरही असंच कोणीतरी येईल ही भीती पाकिस्तानला होती, आणि ते ‘कोणीतरी’ कोण, हेही त्यांच्या मनात ठरलेलं होतं. ३१ डिसेंबर १९८८ ला, राजीव गांधी इस्लामाबादेत असताना, करार झाला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. आता कुठे हल्ला करायचा नाही हे कळायला ती जागा कुठे आहे हे कळलं पाहिजे. म्हणून यादी. करार लागू व्हायला २७ जानेवारी १९९१ उजाडलं आणि पहिली यादी गेली १ जानेवारी १९९२ ला.

या कामाची खरी गंमत त्याच्या चिवटपणात आहे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, लाखो सैनिक सीमेवर समोरासमोर येऊन उभे राहिले, आणि १ जानेवारी २००२ ला यादी गेली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत सीएसटीच्या फलाटावर गोळ्या चालल्या. ताजच्या भिंतींवरची काजळी अजून तशीच असेल, अशा वेळी, पाच आठवड्यांनी यादी गेली. १ जानेवारी २०२६ ला पस्तिसाव्यांदा गेली. इतकी वर्षं न चुकता होणारी भारत-पाक गोष्ट याशिवाय एकच, ती म्हणजे वाघा-अटारीवरचं पाय आपटणं. आणि त्याचेही हल्ली दरवाजे बंद ठेवलेत.

यादीत सगळंच लिहायचं का, हा प्रश्न तुम्हाला पहिल्या तासाला पडेल. समोरचा एखादं नाव गाळत असेल, हा संशय दोन्ही बाजूंना पहिल्या यादीपासून आहे. मे २०२५ च्या संघर्षात सरगोध्याजवळच्या किराना टेकड्यांवर भारताने मारा केला आणि तिथे अणुसाठा आहे, अशी चर्चा सुरू झाली. पत्रकार परिषदेत हवाई दलाच्या अधिकाऱ्याला त्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी हसू दाबत, तिथे असं काही आहे हे सांगितल्याबद्दल प्रश्नकर्त्याचेच आभार मानले. आम्हाला माहीत नव्हतं, आणि आम्ही तिथे मारा केलेला नाही, असंही सांगितलं. किरणोत्सर्गाची गळती कुठेही झालेली नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नंतर स्पष्ट केलं. नवशिक्यांनी ते पत्रकार परिषदेतलं उत्तर पाठ करावं. अणुराजनयात याहून निर्मळ वाक्य मिळणार नाही.

१ जानेवारीला आणखी एक यादी जाते. तिच्याकडे शेवटी येऊ. सगळे शेवटीच येतात.

धडा दुसरा : नावं ठेवणे

मराठीत या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत आणि क्षेपणास्त्रांच्या बाबतीत दोन्ही एकदम लागू पडतात.

आपण १९८८ मध्ये पृथ्वी हे क्षेपणास्त्र उडवलं. पृथ्वी म्हणजे धरती. त्याच्या जोडीला अग्नी, आकाश. पंचमहाभूतांचा साधा सरळ हिशेब. समोरून मात्र ६ एप्रिल १९९८ ला जे आलं त्याचं नाव घौरी. पृथ्वी म्हटल्यावर त्यांना पृथ्वीराज चौहान आठवला असावा, असं आपल्याकडे तेव्हापासून गमतीने सांगतात. ही गंमत आहे असं धरून चाला, पण लगेच पुढच्याच महिन्यात, ११ मे १९९८ ला, पोखरणच्या अणुस्फोटांच्या वेळी वाळूत लष्करी गणवेश घालून वावरणाऱ्या अब्दुल कलामांना जे टोपणनाव दिलं होतं ते होतं मेजर जनरल पृथ्वीराज. म्हणजे चूक दोघांनी वाटून घेतली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला चागाईच्या डोंगरात पाकिस्ताननेही स्फोट केले आणि दोन्ही घरी पेढे वाटले गेले.

पुढे गझनवी आला, बाबर आला आणि अब्दालीही आला. पहलगामच्या हल्ल्यानंतर तणाव टिपेला असताना, ३ मे २०२५ ला, पाकिस्तानने ४५० किलोमीटर पल्ल्याच्या अब्दालीचीच चाचणी केली. दिल्लीतल्या कोणा अधिकाऱ्याला हे नाव ऐकून काय वाटलं ठाऊक नाही. मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ ची संक्रांत आठवते, भाऊसाहेब आठवतात, आणि दोन मोती गळाले ते आठवतं. नावं निवडणाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. मुळात घौरी, गझनवी, अब्दाली हे आजच्या अफगाण मुलखाचे लोक. आमच्या थोरांची नावं तुमच्या बॉम्बना कशाला, अशी कुरकुर एकदा काबूलहूनही झाली होती.

दोन देशांनी एकमेकांवर भरवसा वाढवण्यासाठी जे काही करायचं त्याला सरकारी भाषेत ‘विश्वासवर्धक उपाय’ म्हणतात. आपल्याकडे विश्वास कुठे गेला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पानिपतात.

धडा तिसरा : आधी कळवणे

३ ऑक्टोबर २००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची तर समोरच्याला आधी कळवावं लागतं. पाच दिवसांचा एक कालखंड द्यायचा आणि तो सुरू होण्याच्या किमान तीन दिवस आधी नोटीस पाठवायची. चाचणीची जागा सीमेपासून आणि नियंत्रण रेषेपासून ४० किलोमीटरच्या आत नको, क्षेपणास्त्र पडेल ती जागा ७५ किलोमीटरच्या आत नको. वरच्या मजल्यावर फरशी फोडायची असेल तर खालच्यांना सांगावं, एवढीच ही रीत, आणि ती दोघंही पाळतात.

आता ९ मार्च २०२२ ची संध्याकाळ घ्या. आपल्या हवाई दलाचं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र देखभालीच्या वेळी चुकून सुटलं. ते पाकिस्तानच्या हद्दीत १२४ किलोमीटर आत जाऊन पंजाबातल्या मियां चन्नू गावाजवळ पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती, कोणी मेलं नाही, थोडी पडझड झाली. त्या वेळी तिथल्या आकाशात प्रवासी विमानंही होती. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी लष्कराने पत्रकारांना बोलावून एक ‘वेगवान उडती वस्तू’ आल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी, ११ मार्चला, दिल्लीहून निवेदन निघालं की तांत्रिक बिघाड झाला, घटना खेदजनक आहे, जीवितहानी झाली नाही याचं समाधान आहे.

विद्यार्थ्याने इथे थांबून फाइल उघडावी. ही घटना कोणत्या कराराखाली नोंदवाल? २००५ च्या नाही, कारण तो फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांचा आहे आणि ब्राह्मोस पडतं क्रूझ जातीत. २१ फेब्रुवारी २००७ ला अण्वस्त्रांच्या अपघातांबाबत करार झाला, त्यात लगेच कळवायचं कलम आहे, पण हे काही अण्वस्त्र नव्हतं. शिवाय ही चाचणीच नव्हती, त्यामुळे तीन दिवस आधी कळवायचं म्हटलं तरी कळवणार काय? की येत्या बुधवारी संध्याकाळी आमच्या हातून एक चूक होण्याची शक्यता आहे?

तर, दोन अण्वस्त्रधारी देशांमध्ये एकाचं क्षेपणास्त्र दुसऱ्याच्या घरात जाऊन पडलं आणि ते कोणत्याच रकान्यात बसेना. ऑगस्टमध्ये तीन अधिकारी बडतर्फ झाले. मला या सगळ्यात जी गोष्ट थक्क करते ती वेगळीच आहे. पलीकडे रडारसमोर बसलेला जो कोणी होता त्याने ते येताना पाहिलं, त्याचा माग काढला, आणि तरीही काही केलं नाही. का केलं नाही याची कारणं तज्ज्ञ अजून मांडताहेत. या टेबलावर काम करणाऱ्याने त्या अनोळखी माणसाच्या नावाने वर्षातून एक नारळ तरी फोडावा.

धडा चौथा

हा धडा गोपनीय आहे.

धडा पाचवा : न बोलता बोलणे

प्रत्येक अण्वस्त्रधारी देशाचा एक सिद्धान्त असतो. आपला ४ जानेवारी २००३ ला जाहीर झाला. आपण पहिला वापर करणार नाही. पण आपल्यावर वापर झालाच तर उत्तर असं असेल की समोरच्याला सोसवणार नाही. वाचायला सोपं आहे. नवशिक्याची गडबड पुढे होते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर एका पुस्तक प्रकाशनाला गेले आणि म्हणाले की ‘आधी वापरणार नाही’ असं म्हणून स्वतःला कशाला बांधून घ्यायचं. गोव्याचा माणूस, मनात आलं ते बोलून मोकळा. लगेच खुलासा आला की हे त्यांचं वैयक्तिक मत आहे. संरक्षणमंत्र्याचं अणुबॉम्बबद्दल वैयक्तिक मत असू शकतं, हे त्या दिवशी जगाला कळलं. पुढे १६ ऑगस्ट २०१९ ला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह थेट पोखरणला जाऊन म्हणाले की आजवर धोरण तेच आहे, पुढचं परिस्थितीवर अवलंबून. हे मात्र वैयक्तिक मत आहे असा खुलासा आला नाही. या दोन वाक्यांतला फरक ज्याला समजला त्याची बढती लवकर होते.

समोरचा सिद्धान्त याच्या उलट. तो त्यांनी लिहून छापलेलाच नाही, आणि तेच त्याचं बळ आहे. पहिला वापर करणार नाही असं ते म्हणत नाहीत. त्यांच्या अणुदलाचा कारभार वर्षानुवर्षे सांभाळणारे जनरल खालिद किडवाई यांनी २००२ मध्ये काही इटालियन अभ्यासकांना वेळ दिली. मोठा भूभाग गेला, सैन्याचा मोठा हिस्सा नष्ट झाला, आर्थिक गळचेपी झाली किंवा देशात आतून उलथापालथ घडवली गेली, तर आम्ही विचार करू, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे लाल रेषा आहेत, पण फूटपट्टी त्यांच्याकडे. २०११ मध्ये पाकिस्तानने नस्र हे ६० किलोमीटर पल्ल्याचं छोटं क्षेपणास्त्र आणलं. साठ किलोमीटर म्हणजे पुण्याहून लोणावळ्यापर्यंत. एवढ्या अंतरावर अण्वस्त्र टाकायचं म्हणजे ते बहुतेक आपल्याच शेतात पडणार, हे त्यांनाही कळतं. पण हे वेडेपण खरं आहे की सोंग, हे आपल्याला कळू न देणं हाच त्या शस्त्राचा उपयोग.

धमकी द्यायची तर ती वेळेवर पोचलीही पाहिजे. १९८६-८७ च्या हिवाळ्यात आपले लष्करप्रमुख जनरल सुंदरजी यांचा ‘ब्रासटॅक्स’ हा प्रचंड सराव राजस्थानात चालू होता आणि पाकिस्तानला घाम फुटला होता. जानेवारीच्या अखेरीस पत्रकार कुलदीप नय्यर यांच्यासमोर पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान बसले आणि आपल्याकडे बॉम्ब आहे असं सूचित केलं. लंडनच्या ऑब्झर्व्हरमध्ये ती मुलाखत छापून आली १ मार्चला. तोवर दोन्ही बाजूंनी सैन्य मागे घ्यायचं ठरलं होतं आणि पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल झिया जयपूरला येऊन कसोटी सामना पाहून गेले होते.

धडा सहावा : फोन

लष्करी कारवायांच्या महासंचालकांमध्ये एक थेट फोन आहे. १९७१ च्या युद्धानंतरचा. पद्धत अशी की दर मंगळवारी दोन्हीकडचे अधिकारी बोलतात. बहुतेक मंगळवारी काय बोलत असतील याची कल्पना करून पाहा. काही नवीन? नाही. तुमच्याकडे? नाही. बरं. पण कधीतरी या कंटाळ्यातूनच काम होतं. २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही महासंचालकांनी नियंत्रण रेषेवर गोळीबार थांबवायचं ठरवलं आणि पुढची चार वर्षं तिथली गावं बऱ्यापैकी झोपली.

मग २२ एप्रिल २०२५. पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यातली सहा डोंबिवली, पुणे आणि पनवेलची. या प्रसंगावर पुस्तिकेत विनोद नाही.

दुसऱ्या दिवसापासून जे झालं ते मात्र तुमच्या अभ्यासक्रमात येतं. १९६० चा सिंधू पाणीवाटप करार स्थगित. अटारीचं फाटक बंद. उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर. एकमेकांच्या विमानांना आकाश बंद. ही बंदी एका महिन्याचीच घालतात आणि दर महिन्याला वाढवतात, एसटीच्या मासिक पासासारखी. ७ मे ते १० मे ऑपरेशन सिंदूर. १० मे च्या सकाळी पाकिस्तानच्या अणुविषयक सर्वोच्च समितीची बैठक बोलावल्याची बातमी आली, आणि अशी बैठक नाही असं त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं. बैठक बोलावल्याची बातमी हेच काम असतं. बैठक घ्यायलाच हवी असं नाही.

त्याच दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, आपल्या परराष्ट्र सचिवांच्या निवेदनानुसार, पाकिस्तानी महासंचालकांचा आपल्या महासंचालकांना फोन आला आणि संध्याकाळी ५ पासून थांबायचं ठरलं. देशाला हे सांगायला परराष्ट्र सचिव माइकसमोर यायच्या आधीच ट्रम्पसाहेबांनी वॉशिंग्टनहून जाहीर करून टाकलं. तिसऱ्याची मध्यस्थी आपल्याला मान्य नाही, ही आपली पहिल्यापासूनची भूमिका. तुम्ही ती पाठ केलेली असेलच. त्या आठवड्यात ती रोज म्हणावी लागली.

धडा सातवा : भेटीगाठी

२० फेब्रुवारी १९९९ ला वाजपेयी बसने वाघा ओलांडून लाहोरला गेले. बसमध्ये देव आनंद होते. जाहीरनामा झाला. मे मध्ये कारगिल. २५ डिसेंबर २०१५ ला मोदी वाटेत लाहोरला उतरले. २ जानेवारीला पठाणकोट. मधल्या काळात आग्र्याला, जुलै २००१ मध्ये, मुशर्रफांनी संपादकांना नाश्त्याला बोलावलं, तो टीव्हीवर दिसला आणि शिखर परिषद तिथेच गडगडली. निवृत्त लोक १९९१ पासून राजस्थानात नीमराणा इथे भेटून बोलायला लागले. त्यांचं बोलणं फार शहाणपणाचं असतं, कारण ते निवृत्त असतात. या धड्यावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो.

स्वाध्याय

१. गाळलेली जागा भरा : ‘आमच्या संयमाला दुर्बलता समजू नये, असा इशारा ______ यांनी दिला.’ (कोणत्याही बाजूचं नाव लिहिल्यास पूर्ण गुण.)

२. जोड्या लावा : लाहोर बस, लाहोरची अचानक भेट, पठाणकोट, कारगिल. (जोडी चुकली तरी चालेल. निकाल तोच.)

३. कारणे द्या : संबंध बिघडले की पहिल्यांदा उच्चायुक्तालयातला स्वयंपाकी परत पाठवतात.

४. पुढील उदाहरण सोडवा. समजा, डहाणूकडचा एक आदिवासी खलाशी आहे. त्याच्या पाड्याजवळच्या किनाऱ्यावरून १९६९ पासून चालू असलेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राची चिमणी दिसते. तो दर हंगामात गुजरातच्या बोटीवर कामाला जातो. सर क्रीकच्या बाजूला एका रात्री इंजिन बंद पडतं. पाण्यावर रेषा आखलेली नाही. सकाळी पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाची बोट येते. आता तो कराचीच्या तुरुंगात आहे. शिक्षा काही महिन्यांची होती, ती भोगून झाली. २००८ च्या करारानुसार शिक्षा संपल्यावर आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटल्यावर एका महिन्यात त्याला परत पाठवायचं आहे.

१ जानेवारीला दोन याद्या जातात. पहिलीत अणुकेंद्रं. ती यादी गुप्त असते, पण तारापूर तिच्यात असेल हे सांगायला गुप्तहेर लागत नाही. दुसरीत कैदी. २०२५ च्या १ जानेवारीला पाकिस्तानने दिलेल्या दुसऱ्या यादीत ४९ नागरी कैदी आणि २१७ मच्छीमार होते, ‘भारतीय किंवा भारतीय असल्याचे मानले जाणारे’. त्याच दिवशी आपण दिलेल्या यादीत ३८१ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार, ‘पाकिस्तानी किंवा पाकिस्तानी असल्याचे मानले जाणारे’.

वरील माहितीवरून चिमणी कुठे आहे आणि खलाशी कुठे आहे ते अक्षांश-रेखांशासह लिहा. (गुण ५)